रिपोर्ट सातनंतर

रविवारी लॅब बंद झाल्यावर
भाऊराव घोलपांनी माझा मोबाइल
टेस्टट्यूबच्या स्टँडला टेकवून उभा केला.
"ताई, लाल टिंब दिसतंय. गा."
सेंट्रिफ्यूज बंद, एसी बंद.
बंद करता येत नव्हता तो फक्त सॅम्पलांचा फ्रीज,
म्हणून त्याच्याच घरघरीला षड्ज मानलं
आणि गायली दोन पदं, म्हटलं एक स्वगत,
मग डावा चेहरा, उजवा चेहरा,
उंची पाच फूट एक, वय अडतीस.
खरं तेच सांगितलं.

पुण्याची मंडळी, नवं संगीत नाटक,
भूमिका नावाड्याच्या बहिणीची.
सहा वाजून वीस मिनिटांनी 'पाठवा' दाबलं.
उत्तर आलं: पंधरा दिवसांत कळवू.

कॅनडा कॉर्नरजवळच्या या काउंटरवर
बारा वर्षं मी हेच तर सांगत आलेय:
रिपोर्ट सातनंतर.
लोक विचारतात, तोवर काय करू?
मी म्हणते, घरी जा हो, काहीतरी करत बसा.

तर मी घरी गेले. काहीतरी करत बसले.

रेकॉर्डिंग अकरा वेळा ऐकलं.
बाराव्यांदा भाऊरावांची शिंक सापडली,
दुसऱ्या अंतऱ्यानंतर, बरोब्बर समेवर.
मग पिठाच्या डब्यांना लेबलं लावली,
नाव, तारीख, वेळ (सवयच ती)
आणि तूरडाळीच्या बरणीवर
'उपाशीपोटी' लिहिता लिहिता थांबले.
नावाडी मी जन्मात पाहिलाय कुठे?

शनिवारी अर्धी सुट्टी. स्कूटीवरून गंगापूर धरण.
शहरात नळातून घाईघाईने भेटणारं पाणी
तिथे निवांत पडून होतं.
निवृत्ती बेंडकोळी जाळी उचलायला निघालेले.
म्हटलं, बसू का?
"बसा. पण मधोमध. आणि हलायचं नाही."
मी वल्ह्याकडे नाही, त्यांच्या बरगड्यांकडे बघत राहिले.
वल्हं ओढताना श्वास सुटतो.
पुढे नेताना, पातं थेंब थेंब गळत असताना, भरतो.
हे कुणी शिकवलं, विचारलं.
"शिकवायचं काय त्यात?
उलटं केलं तर माणूस दमतो."

मी उलटं केलं होतं.
'पल्याड' या शब्दाच्या पोटात,
ऐन ओढीच्या मध्यावर
श्वास घेतला होता, सूर सांभाळायला.

परतताना सोमेश्वरला थांबले,
धबधब्याच्या आवाजावर आवाज चढवून
तीच ओळ म्हटली, चाळीस वेळा तरी.
भेळवाला दोनदा वळून बघून गेला.
आता चुकत नाही.
पण पुण्यात, कुणाच्यातरी मोबाइलमध्ये,
मी अजून चुकतेच आहे.
ती बिचारी फ्रीजच्या सुरात उभी,
डावा चेहरा करून,
आणि इथे मी मेथी निवडता निवडता
रोज तिच्यापेक्षा थोडी बरी गातेय.
तिला कळवायचं कसं?

काउंटरवर परवा एक आजोबा आले, देवळालीचे.
रिपोर्ट सातनंतर, म्हटलं.
तोवर काय करू?
मान वर करून मी त्यांच्याकडे पाहिलं,
मग खाली, पायांकडे.
"पंडित कॉलनीच्या कोपऱ्यावर चांभार बसतो,
तुमच्या चपलेचा अंगठा सुटलाय."
सातला आले ते आधी चप्पल दाखवत आले.
शुगरचा आकडा नंतर बघितला.

आज तेरावा दिवस.
समोर अकरावीतली मुलगी, सुईला भिणारी.
ॲप्रनच्या खिशात फोन थरथरतोय.
"मूठ वळ. इकडे बघू नकोस.
श्वास घे, पाणी गळतंय असं समज.
आता ओढ. सोड."
सुई सुटत्या श्वासाबरोबर आत गेली.
फोन थांबला. पुन्हा थरथरला.
"टोचलं का?"
"कधीच. कापूस दाबून धर."
ट्यूब भरत होती, हळूहळू,
आणि मी नाव, तारीख, वेळ लिहीत होते.